तुम्ही विचारलंत म्हणून: एका सत्रात किती विषय घ्यावेत?

नोंदणीची तारीख जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला एकच आकडा हवा असतो. चार की पाच? मी उलट विचारते, की झोप, प्रवास, स्वयंपाक आणि नोकरी वजा जाता तुमच्या आठवड्यात तास किती उरतात? यावर बहुतेक जण थोडे हिरमुसतात.

पण हिशेब तासांचाच आहे. अमेरिकी कॉलेजांत ढोबळ नियम असा, की एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजायचं एकक) आठवड्याला एक तास वर्गात आणि निदान दोन तास वर्गाबाहेर. तीन क्रेडिटांचे पाच विषय घेतले की 15 क्रेडिट होतात, म्हणजे आठवड्याचे 45 तास. त्यात वीस तासांची नोकरी धरली तर 65. युरोपात वर्षाला 60 क्रेडिट आणि प्रत्येक क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचं काम धरतात. पद्धत कुठलीही घ्या, पूर्णवेळ शिक्षण ही पूर्णवेळ नोकरीच असते. 'चार तर विषय आहेत' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे सांगून उपयोग नाही, पण तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

शिवाय सगळे विषय सारखा वेळ खात नाहीत. प्रयोगशाळेचं क्रेडिट कागदावर दिसतं त्याहून जास्त वेळ घेतं. आपल्याकडच्या पदवीच्या नव्या आराखड्यात तर हे लिहूनच ठेवलंय: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास, प्रात्यक्षिकाचं 30. म्हणून मी आधी विषयांची जात बघायला सांगते. दर आठवड्याला गणितं सोडवायची असे तीन विषय एकत्र आले की पाचव्या आठवड्यापासून माणूस नुसता धावत असतो. भरपूर वाचन आणि शेवटी मोठा निबंध असे तीन आले, तर सुरुवातीला निवांत वाटतं आणि शेवटच्या पंधरवड्यात एकाच वेळी सगळं अंगावर येतं. दोन्हींची सरमिसळ हवी. अभ्यासक्रमाचे कागद हातात आले की सगळ्या सबमिशनच्या तारखा एकाच कॅलेंडरवर टाका. तीन तारखा एका आठवड्यात पडत असतील तर ते तेव्हाच दिसतं.

मग कमीच घ्यावेत का? हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो अर्धवट वाटतो. अमेरिकेत 12 क्रेडिट घेतले की तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी ठरता, पण पदवीला सहसा 120 लागतात. आठ सत्रं 12-12 घेतलीत तर होतात 96. उरलेल्या 24 साठी आणखी दोन सत्रं, त्यांची फी आणि राहण्याचा खर्च. अनेक ठिकाणी 12 ते 18 क्रेडिटांना एकच फी असते, तिथे तर हे फारच महागात पडतं. पहिल्या सत्रात 12-13 घेणं मला पटतं. नंतर मात्र कुठल्या तरी सत्रात किंवा उन्हाळ्यात ती तूट भरून काढायची, हे तेव्हाच ठरवून ठेवावं. वर्षातून एकदाच शिकवला जाणारा आणि पुढच्या दोन विषयांची पूर्वअट असलेला एखादा विषय राहिला, तर अख्खं वर्ष जातं. तो मात्र संख्या न बघता घ्या.

एक युक्ती सांगते, जी काही प्राध्यापकांना आवडत नाही. एक विषय जास्तीचा घ्या आणि सोडायची पहिली मुदत संपण्याआधी, पहिली असाइनमेंट करून बघून, एक सोडा. त्या मुदतीत सोडलेला विषय बहुतेक ठिकाणी गुणपत्रकावर दिसत नाही, नंतर सोडला तर 'डब्ल्यू' (विथड्रॉन, म्हणजे मध्येच सोडला) असा शेरा उमटतो. फक्त अडवलेली जागा लवकर मोकळी करा, रांगेत कुणीतरी असतं. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असाल तर विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारा. तिथल्या परवानगीशिवाय 12 च्या खाली गेलात तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. शिष्यवृत्तीच्या अटीही त्याच वेळी वाचून घ्या.

आणि सहा विषयांचं विचारणाऱ्यांना: तीन-तीन क्रेडिटांचे सहा घेतले की 18 होतात, आणि 18 च्या वर जायला सहसा सल्लागाराची परवानगी लागते. ती मागायला जाताना मागच्या सत्राचे गुण सोबत न्या, पहिला प्रश्न त्यांच्यावरच असेल.