सात, सतरा आणि अठ्ठावीस

मुलांची समुपदेशक म्हणून पालकांसमोर माझं बोलून झालं की प्रश्नोत्तरांत हा प्रश्न कधीच येत नाही. तो नंतर येतो, लोक खुर्च्या सरकवत उठत असताना, आवाज खाली करून. "मॅडम, ते लीना डनमचं प्रकरण... तज्ज्ञ म्हणाले होते ना, की ते नॉर्मल आहे. तुम्हालाही तसंच वाटतं?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पुस्तक पाहिलेलंही नसतं आणि त्या बाईशी त्यांचं काही देणंघेणंही नसतं. घरात काहीतरी घडलेलं असतं, ते ओठांवर येत नाही, मग अमेरिकेतल्या कुणाच्या तरी नावानं विचारलं जातं. उभ्या उभ्या मी जे सांगते ते अर्धवटच राहतं. म्हणून आज बसून लिहिते आहे.

प्रकरण ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. लीना डनम ही न्यूयॉर्कची लेखिका. एचबीओ या अमेरिकन वाहिनीवरची 'गर्ल्स' ही मालिका तिनं उभी केली, लिहिली, तिच्यात कामही केलं. सप्टेंबर २०१४मध्ये तिचं 'नॉट दॅट काइंड ऑफ गर्ल' हे आत्मकथन आलं, तेव्हा ती २८ वर्षांची होती. त्यात तिनं सहा वर्षांनी धाकट्या असलेल्या आपल्या भावंडाबद्दल लिहिलं. एक प्रसंग ती सात वर्षांची आणि भावंड वर्षभराचं असतानाचा, बाळाच्या शरीराविषयीच्या कुतूहलाचा. शिवाय पुढच्या वर्षांतले काही उल्लेख, खाऊचं आमिष दाखवून पापा घेण्याचे, एका अंथरुणात झोपण्याचे. तपशील मी देत नाही. आणि या सगळ्यावर तिनं स्वतःची थट्टा म्हणून एक वाक्य टाकलं, की एखादा 'सेक्शुअल प्रिडेटर', म्हणजे लैंगिक सावज हेरणारा माणूस, लहान मुलीला वश करायला जे जे करेल ते सगळं मी करून पाहत होते.

पुस्तक महिनाभर कौतुकात न्हात होतं. ऑक्टोबरच्या शेवटी 'ट्रुथ रिव्होल्ट' या उजव्या विचारांच्या संकेतस्थळानं हे उतारे काढून दाखवले आणि मथळ्यात सरळ 'लैंगिक अत्याचार' म्हटलं. वकिलांची पत्रं गेली, संकेतस्थळ हटलं नाही. वृत्तपत्रांनी बालमानसतज्ज्ञांना फोन लावले. त्यांच्यातले बरेच जण म्हणाले की या वयातलं कुतूहल नेहमीच्या चौकटीत बसतं. दुसऱ्या बाजूला भावंडांकडूनच अत्याचार सोसलेली कितीतरी माणसं हे वाचून पेटून उठली. त्यांच्या घरीही "लहान आहेत, खेळतायत" हेच ऐकवलं गेलं होतं.

या गदारोळातली एक बारीकशी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या संकेतस्थळाच्या पहिल्या मजकुरात पुस्तकातला उतारा देताना तिचं वय सातऐवजी सतरा पडलं होतं. चूक मागाहून दुरुस्त झाली. पण सतरा वर्षांची मुलगी आणि वर्षाचं बाळ, हे वाचताना डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते आकडा बदलल्यानं पुसलं जात नाही. मी असं म्हणणार नाही की सगळा राग त्या चुकीतून आला. मला ती चूक एवढ्यासाठी लक्षात राहिली, की माझ्यासमोर येणारे आईबाप रोज तीच चूक करतात. पाच वर्षांचं पोर काहीतरी करतं आणि ते बघणारा मोठा माणूस त्याला स्वतःच्या वयाचं करून टाकतो. आपल्याला जे ठाऊक आहे, आपल्या मनात जे येतं, ते सगळं त्याच्या मनात होतं असं धरून चालतो.

आता तज्ज्ञांकडे वळू. 'नॉर्मल' या शब्दानं फार घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, नॉर्मल म्हणजे चांगलं, चालेल, होऊ द्या. बोलणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच असतो, की या वयात पुष्कळ मुलांत हे दिसतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचे विल्यम फ्रीड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दोन ते बारा वर्षांच्या १,११४ मुलांच्या आयांकडून माहिती गोळा करून 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात छापली. शरीराविषयीचं उघड कुतूहल पाचेक वर्षांपर्यंत चढतं आणि मग दिसेनासं होत जातं, असं त्यात आढळलं. दिसेनासं होतं म्हणजे संपतं असं नाही. शाळेत जाणाऱ्या पोराला दार लावायची अक्कल येते, एवढंच. चावणं, ढकलणं, खोटं बोलणं हेही त्या वयात नॉर्मल असतं, पण म्हणून कुणी ते चालू देत नाही. थांबवायचंच असतं. फक्त थांबवताना मुलाला गुन्हेगार ठरवायचं नसतं.

माझ्या खोलीत मी काय बघते ते सांगते. खेळ दोघांच्या मर्जीचा होता का, की एकाला धाक, आमिष किंवा "आईला सांगू नको"चा दम होता? वयात, ताकदीत, समजेत किती फरक? कुणी आत आलं, दुसरं काही खेळायला दिलं की मूल तिकडे वळतं, की सांगूनही पुन्हा पुन्हा तिथेच येतं? दुसरं मूल घाबरलेलं, दुखावलेलं आहे का? आणि मूल जे करतंय ते मोठ्यांचं पाहिल्याशिवाय सुचणारं आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर मी त्या मुलाकडे आरोपी म्हणून बघत नाही. त्याच्या आयुष्यात कोण येतं-जातं आणि त्याच्या हातात कुणाचा फोन पडतो, ते आधी शोधते.

या कसोट्या लावल्या की डनमचं प्रकरण तितकं सोपं राहत नाही, आणि इथे मी त्या वेळच्या काही तज्ज्ञांपेक्षा थोडी वेगळी आहे. सात वर्षांच्या मुलीचं कुतूहल, बाळ कसं असतं ते बघणं, यावर माझी झोप उडाली नसती. पण सहा वर्षांचं अंतर हे बरोबरीच्या पोरांचं खेळणं नव्हे. चारेक वर्षांचा फरक दिसला की आम्ही पेन खाली ठेवून नीट ऐकायला लागतो. त्यात आमिष आलं आणि हे वर्षानुवर्षं चालल्याचं तीच लिहिते आहे, तर मी त्या आईशी बोलले असते, मुलीशी बोलले असते. मग बहुधा म्हटलं असतं की घरातले नियम जरा स्पष्ट करा, दोघांना वेगळं झोपवा, महिन्यानं या. 'काही नाही हो' म्हणून परत पाठवलं नसतं आणि 'अत्याचारी' हा शिक्काही मारला नसता. वृत्तपत्रांना या दोन्हींच्या मधलं उत्तर नको असतं, कारण त्याचा मथळा होत नाही.

मुळात फोनवर विचारलेल्या त्या तज्ज्ञांच्या हातात होतं तरी काय? मूल नाही, आई नाही, दुसरं मूल नाही. वीसेक वर्षांनंतर एका विनोदी लेखिकेनं लिहिलेले काही परिच्छेद. आणि ही लेखिका त्याच पुस्तकात कबूल करते की आपल्या सांगण्यावर फारसं विसंबू नका, आईच्या प्रत्येक गोष्टीत मी पदरचं काहीतरी घालते आणि भावंडाच्या मते तर आमच्या दोघांच्या म्हणून मी सांगते त्या आठवणी लोकांवर छाप पाडायला मीच रचलेल्या आहेत. एवढ्यावर सात वर्षांच्या एका मुलीचं निदान करायचं? मला कुणी फोन केला असता तर मीही केलं असतं, सांगता येत नाही. कौतुक कुणाला नको असतं.

माझ्या मते सात वर्षांच्या मुलीबद्दल बोलण्यासारखं फार नाही. बोलायचं तर अठ्ठावीस वर्षांच्या बाईबद्दल बोलावं. 'प्रिडेटर' हा शब्द तिनं निवडला. लहानपणीच्या गोष्टीला मोठ्यांच्या गुन्ह्याचं नाव देऊन हशा मिळवायचा ही तिची युक्ती होती, आणि लोकांनी तो शब्द तिच्याच हातून घेऊन तिच्यावर उगारला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 'टाइम'कडे दिलेल्या निवेदनात तिनं त्या शब्दाच्या विनोदी वापराबद्दल माफी मागितली, आणि भावंडाबद्दलचं सगळं त्याच्या संमतीनंच छापलंय असंही सांगितलं. भावंडानंही ट्विटरवर बहिणीची पाठराखण केली. आपल्याला कशानं इजा झाली हे ज्याचं त्यानं ठरवावं, अशा अर्थाचं ते म्हणणं होतं.

ते मला पटतं. पण वाद पेटण्याच्या दीडेक महिना आधी 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'मधल्या लेखात त्याच भावंडानं हेही सांगितलं होतं, की आमची बहुतेक भांडणं एकाच गोष्टीवरून झाली : लीना स्वतःच्या खासगी आयुष्याशी जसं वागते तसं माझ्याही खासगी आयुष्याशी वागली, ते तिनं आपल्या मालकीचं केलं. अत्याचाराच्या आरडाओरड्यात हे कुणी पुन्हा वाचलं नाही. वर्षाच्या बाळाला त्या दिवशी काय झालं ते आठवणं शक्यच नाही. आता त्याच्याकडे त्या दिवसाची जी काही आठवण आहे ती बहिणीनं लिहिलेली आहे, आणि ती लाखो लोकांना पाठ आहे.

हे मला एवढं का टोचतं तेही सांगते. माझ्या धाकट्या भावाची एक फजितीची गोष्ट मी वर्षानुवर्षं प्रत्येक कार्यक्रमात सांगत आले, त्याच्या लग्नातही सांगितली. पाचव्या वर्षी त्यानं काय केलं, आजी काय म्हणाली, सगळं नकला करून. लोक पोट धरून हसले. भाऊही हसला. रात्री पाहुणे गेल्यावर चपला शोधत असताना एवढंच म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी खूप घाबरलो होतो गं." मी मुलांची समुपदेशक. तोवर मला ते एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

परवाच एक आई आली होती. पर्स मांडीवर घट्ट धरलेली, दार लागलंय ना हे दोनदा बघितलेलं. पाच वर्षांचा मुलगा आणि जावेची साडेचार वर्षांची मुलगी पलंगाच्या मागे डॉक्टर-डॉक्टर खेळताना सापडली होती. तिनं मुलाला थोबाडीत मारली, मग रात्रभर रडली. "पुढे जाऊन हा तसला निघेल का?" हा तिचा प्रश्न.

मी तिला एक आकडा सांगितला, कारण धीराच्या शब्दांपेक्षा तो जास्त कामाला येतो. अमेरिकेत २००६ साली एका संशोधनाचे निष्कर्ष आले. पाच ते बारा वर्षांची १३५ मुलं, साधी कुतूहलवाली नव्हेत, लैंगिक वागण्याची खरोखरच अडचण असलेली. दहा वर्षांनी बघितलं, तर ज्यांना आणि ज्यांच्या पालकांना वर्तनोपचारांची थोडी सत्रं मिळाली होती, त्यांच्यातल्या दोनच टक्क्यांच्या हातून पुढे लैंगिक गुन्हा घडल्याची नोंद होती. दुसऱ्या तक्रारींसाठी दवाखान्यात आलेल्या मुलांत हेच प्रमाण तीन टक्के होतं. तिचा मुलगा तर त्या १३५ मुलांच्या जवळपासही नव्हता. अर्धा मिनिट ती गप्प राहिली. मग विचारलं, "पण मारलं ते?"

"चुकलं म्हणून सांगा त्याला. आणि मग नियम सांगा."

तो कसा सांगायचा ते आम्ही दोन-तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा तिच्या तोंडून "शी, असलं घाण" आलं. दुसऱ्यांदा नुसतं "तसलं". तिसऱ्यांदा वाक्य पूर्ण झालं : "चड्डीच्या आतली जागा ज्याची त्याची असते. आपण दुसऱ्याची बघायची नाही, आपली दाखवायची नाही. कुणी सांगितलं तर आईकडे यायचं, मी रागावणार नाही." शेवटचे तीन शब्द म्हणताना ती अडखळली, पण म्हणाली.

उठता उठता तिनं विचारलं, जावेला सांगू का? सांगा, म्हटलं, तिची मुलगी होती ती, तिला कळायलाच हवं. आणि बहिणींना? बहिणींचा काय संबंध, मी विचारलं. तिनं पर्समधून फोन काढला. रात्री तीन वाजता बहिणींच्या ग्रुपवर टाकायला लांबलचक मेसेज लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. मुलाचं नाव पहिल्याच ओळीत होतं. माझ्यासमोर उभ्या उभ्या तिनं तो अंगठ्यानं मागून पुढे पुसत नेला. नावापर्यंत यायला बराच वेळ लागला.