परतीच्या पावसात दिवेआगरचा सूर्यास्त

पुण्यात राहून समुद्रावरचा सूर्यास्त टिपायचा, तर आभाळाचं काही ठरायच्या आधीच निघावं लागतं. पौड, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर गाठायला जेवणासह पाचेक तास जातात. परतीच्या पावसात दुपारचे ढग सह्याद्रीवर चढतात, म्हणून कोथरूडच्या गच्चीवरून दिसणाऱ्या आभाळावर मी काही ठरवत नाही. हवामान खात्याची उपग्रहचित्रं सकाळपासून बघतो, तीही किनाऱ्याच्या पश्चिमेची. त्या दिवशी किनाऱ्यालगत ढगांचा पट्टा होता, पण पलीकडे अरबी समुद्र मोकळा. निघालो.

भरती-ओहोटीचा मात्र भरवसा असतो. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. कोजागरीनंतरची द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारी १.३० च्या सुमारास, ओहोटी ७.४५ च्या. सव्वासहाला सूर्य मावळताना पाणी हटत असणार आणि ओल्या वाळूत आभाळ दिसणार. अष्टमीला हेच गणित सहाची भरती सांगतं, तेव्हा मी जात नाही.

ताम्हिणीत वायपर पुरेना. दिवेआगरला सुरूच्या बनामागे, पूर्वेकडे, विजा चमकत होत्या. अशा वेळी उघड्या पुळणीवर ट्रायपॉड उभा करायचा नाही म्हणजे नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीतच काढला, एसी बंद ठेवून. थंडगार लेन्स दमट हवेत काढली की लगेच बाष्प धरते.

सूर्य मावळायच्या आधीच करड्या ढगात शिरला आणि बरेचजण उठून गेले. मला हीच वेळ सगळ्यात प्रिय आहे! ढगापलीकडे क्षितिज मोकळं असेल, तर सूर्य बुडाल्यावर त्याचा प्रकाश वरच्या विरळ ढगांना खालून लागतो. दहाएक मिनिटांत तसंच झालं. आधी केशरी, मग जांभळट गुलाबी. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, १००; ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ११. एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, आभाळावर धरलं, नाहीतर लाल रंग जळतो, त्यातले बारकावे उडतात. उजेड उतरला तसा शटर अर्ध्या सेकंदावरून दोन सेकंदांवर नेला. हटणाऱ्या लाटांच्या रेघा त्यातच उमटतात. वाऱ्याबरोबर खारे तुषार येत होते, त्यामुळे दर फ्रेमआधी लेन्स पुसत होतो.

छापायला जांभळट फ्रेमच निवडली आहे. केशरीत आभाळ भडक येतं, वाळू मात्र काळी पडते.

खोलीवर आल्यावर आधी ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुतले. खारी वाळू सांध्यांत रात्रभर राहू देऊ नये.