खारपाणपट्टा: विहिरीचं पाणी आणि वावराची माती एकाच नकाशावर का पाहिजे

दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर... विदर्भातल्या पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाचा हा पट्टा खारा आहे हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण कोणत्या विहिरीचं पाणी किती आणि कशामुळे वाईट आहे आणि त्याने त्या वावराचं काय केलं, हे एकत्र कुठे बघायला मिळत नाही म्हणून मी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर त्याचा नकाशा करायला घेतलाय.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते, त्यात १२ गोष्टी तपासतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे, सोबत सामू, ईसी (विद्युत वाहकता), सेंद्रिय कर्ब. सोडियम त्यात नाही! आणि आपल्याकडे खरा घोळ तर सोडियमचाच आहे. ईसी एकूण क्षार सांगते, क्षार कोणता ते नाही सांगत. कॅल्शियम चिकणमातीचे कण धरून ठेवतो, सोडियम त्यांना सुटे करतो, मग ते बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि निचरा बंद. जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, कधी म्हणायची तर पुस्तकात विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेला) १५ टक्क्यांच्या वर, पण पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनीच्या अभ्यासात ५ टक्क्यांपासूनच निचरा बिघडलेला दिसलाय, इतकी आपली माती नाजूक आहे.

घरी बघायचं असेल तर वावरातलं सुकलेलं छोटं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात हळूच सोडा, हलवू नका. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला तर सोडियमने काम केलंय समजा. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात हे करू नका, त्यातले क्षार कण फुटू देत नाहीत आणि माती चांगली वाटते. वावरात पण हेच होतं बघा, उन्हाळ्यात ओलीत करताना काही जाणवत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसाने वरचे क्षार धुतले की सोडियम मागे राहतो, पाणी साचतं, तूर पिवळी पडते, आणि दोष जातो पावसाला.

म्हणून पाण्याच्या तपासणीत ईसीसोबत एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती ते) आणि आरएससी मागून घ्या. आरएससी, म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करून उरतं ते, २.५ meq/L च्या वर गेलं तर ते पाणी ओलिताला नको. नमुना घेताना मोटर थोडा वेळ चालू द्या, बाटली त्याच पाण्याने विसळा, काठोकाठ भरा आणि लगेच लॅबला पोचवा.

नकाशात माझा आग्रह एकच, आधी ठिपके, म्हणजे एकेक विहीर-बोअर, दाखवा, रंग नंतर. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोडं आहे, संत्र्याच्या बागा आहेत, आणि पूर्णेकडे उतरत जावं तसं खारं होत जातं, एवढं रंगांत छान दिसतं. पण एकाच बांधावर उथळ विहीर बरी आणि शेजारचा खोल बोअर खारा असं असू शकतं, सॉफ्टवेअर दोघांची सरासरी काढून मधल्या वावराला एक रंग देऊन टाकतं आणि तो रंग कुणाचाच नसतो. त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला खोली, महिना, पावसाळ्याआधीचा की नंतरचा नमुना, आणि त्याच पाण्यावर भिजणाऱ्या वावराचा मातीचा रिपोर्ट, वरच्या थराचा आणि खालच्या थराचा वेगळा, जोडलेला पाहिजे. मग कॅल्शियम देणारं जिप्सम कुठे टाकायचं आणि कुठे बोअर सोडून शेततळ्यावरच हरभऱ्याला एखादं पाणी द्यायचं, हे वावर बघून ठरवता येईल. तुमच्याकडे पाणी आणि माती दोन्हीचे रिपोर्ट असतील तर खोलीसकट पाठवा, एकट्या पाण्याचा असला तरी चालेल.