घामाचा पीएच सांगणारी पट्टी: पावसाळ्यातली नोंद

पॉलिअ‍ॅनिलिनचा लेप चढवलेली कार्बन पट्टी आता भरवशाची झाली आहे. हा लेप वीजवाहक पॉलिमरचा; पीएच (आम्लता) बदलला की त्याचं विभव (व्होल्टेज) बदलतं. घामाचा पीएच साधारण ४.५ ते ७ असतो आणि तेवढ्या पल्ल्यात ती नीट चालते. चुका होतात त्या संदर्भ इलेक्ट्रोडमुळे (ज्याच्या तुलनेत पट्टीचं विभव मोजायचं, तो स्थिर राहायला हवा), म्हणून ही नोंद बरीचशी त्याच्यावरच.

आधी पट्टी. बेळगावात उद्यमबागेकडच्या फौंड्रीवाल्यांची ग्राफाइट पूड चालते, पण तिच्यात राख आणि लोह असतं. सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडात रात्रभर भिजवा, धुवा, खणखणीत वाळवा. ३ ग्रॅम पूड, २ ग्रॅम रंगहीन नेलपॉलिश, पातळ करायला अ‍ॅसिटोनचे थेंब. ही शाई ओएचपी शीटवर (प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट) टेपच्या खाचेतून ओढा. रेघेचा रोध काही किलोओहम आला तरी बिघडत नाही, कारण इथे प्रवाह जवळजवळ वाहतच नाही.

लेपासाठी ०.२६ ग्रॅम अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड ५ मिलि पाण्यात आणि ०.५७ ग्रॅम अमोनियम परसल्फेट वेगळ्या ५ मिलि पाण्यात. एकत्र करून लगेच टोक बुडवायचं. द्रावण आधी निळं, मग गडद हिरवं. १० मिनिटांच्या आसपास काम उरकतं. नंतर ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडाने धुवा. पुस्तकी कृतीत पुढे अ‍ॅसिटोन असतो, तो इथे नको, शाईच सुटून येते. हातमोजे हवेतच: अ‍ॅनिलिन कातडीतून शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. पट्टी जखमेवर लावायची नाही. शरीरात बसवायच्या सेन्सरशी तर हिचा संबंधच नाही.

आता संदर्भ. ९९९ शुद्धतेची चांदीची तार घ्या. निपाणीकरांना चांदीकामाची हुपरी जवळ आहे, पण दागिन्यांच्या चांदीत तांबं असतं, ती नको. तार सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीच) १५-२० मिनिटं ठेवली की सिल्व्हर क्लोराइडचा जांभळट-राखाडी थर धरतो. इथेच थांबलात तर फसाल. उघड्या सिल्व्हर क्लोराइडचं विभव क्लोराइडवर हलतं आणि घामातलं क्लोराइड १० ते १०० मिलिमोलर फिरतं. दहापट फरकाला सुमारे ५९ मिलिव्होल्ट, म्हणजे थेट एक पीएच! घाम खारट झाला एवढ्यावरच पट्टी आम्लता बदलल्याचं सांगेल.

उपाय, तारेभोवती क्लोराइड एकसारखं ठेवणारा लेप: १ मिलि मिथेनॉलमध्ये ७९ मिलिग्रॅम पॉलिव्हिनाइल ब्युटिराल आणि ५० मिलिग्रॅम मीठ. तारेवर थेंब सोडा, रात्रभर सुकवा. मग एकाच पीएचच्या दोन बफरांत (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणांत) तपासा, एकात १०० मिलिला ०.०५८ ग्रॅम मीठ, दुसऱ्यात ०.५८. आकडा काही मिलिव्होल्टांपलीकडे सरकला तर लेप अपुरा आहे, आणखी एक थेंब द्या.

साध्या मल्टिमीटरचा १० मेगाओहम रोध कमी पडतो. मध्ये सीए३१४० या चिपचा बफर (प्रवाह जवळजवळ न ओढता विभव पुढे देणारा टप्पा) घाला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि संदर्भ दोन १० किलोओहम रोधांच्या मध्यबिंदूला जोडा. खानापूरकडच्या पावसात बोर्डावर उरलेला सोल्डरिंगचा फ्लक्स ओल धरतो आणि आकडा हळूहळू वाहत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पुसा.

पेडॉट-पीएसएसचा (दोन पॉलिमरांचं वीजवाहक मिश्रण) थर पावसाळा ओसरल्यावर. पीएसएस हवेतली ओल ओढतं. शिवाय पाण्यात टिकावा म्हणून जीओपीएस (साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन) घालून तो १४० अंशांना भाजावा लागतो. ओएचपी शीट तेवढ्यात आकसते. त्यासाठी उष्णता सोसणारी पॉलिइमाइडची फिल्म लागेल.