ढोल बाजूला ठेवून चाल ऐका

नाशिक ढोल घुमायला लागला की साधीशी चालही अंगात येते. मिरवणुकीत ते हवंच. पण संगीतकाराचं कसब जोखायचं तर आधी ढोल काढून ठेवावा लागतो. चाल संगीतकाराची, वाद्यमेळ बहुधा संयोजकाचा (कोणतं वाद्य कुठे वाजेल ते ठरवणाऱ्याचा), गळा गायकाचा. सगळं श्रेय एकाच नावावर टाकलं की पारख तिथेच चुकते.

मुखडा, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, शब्द सोडून, ठेका सोडून, सावकाश गुणगुणा. पेटीवर एका बोटाने वाजवला तरी चालेल. तेवढ्यावरही धरून ठेवतो का? मग अंतरा, म्हणजे पुढचं कडवं, बघा: मुखड्याच्याच सुरांत घुटमळतो की वेगळ्या जागा दाखवतो? खरी कसोटी क्रॉस लाइनची, म्हणजे अंतऱ्यातून मुखड्यावर परत आणणाऱ्या ओळीची. चाल कच्ची असेल तर सांधा इथेच उघडा पडतो आणि गायकाला हरकती (गळ्याची छोटी नक्षी) घेऊन तो झाकावा लागतो.

'रागात बांधलंय म्हणून थोर' हे मला अजिबात पटत नाही. राग कुणीही निवडेल, त्याचं केलं काय ते बघावं. सुधीर फडक्यांचं, म्हणजे बाबूजींचं, 'ज्योति कलश छलके' (१९६१) घ्या. भूप आणि देसकार हे दोन राग, दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच सूर. भूपात वजन गंधारावर (ग) आणि वेळ रात्रीची. देसकारात वजन धैवतावर (ध) आणि वेळ सकाळची. गाण्यात पहाट उजाडतेय, आणि बाबूजींनी देसकार घेतला. त्याच पाच सुरांत गंधारावर रेंगाळले असते, तर शब्द पहाटेचे आणि सूर रात्रीचे झाले असते. इतकी बारीक जाण मला शंभर व्हायोलिनांपेक्षा मोठी वाटते.

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खर्ज, म्हणजे खालचे सूर, गळतो, बास कुठे चाललाय ते कळतच नाही. साधे हेडफोन पुरतात.

पार्श्वसंगीत मात्र पडद्यापासून तोडून जोखता येत नाही. फाळके नाशकात मूकपट काढत तेव्हा संगीत थिएटरात वाजायचं, त्यामुळे गावागणिक बदलायचं. १९३१च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटापासून ते चित्राला कायमचं जोडलं गेलं. म्हणून एकच प्रसंग आधी आवाज बंद करून बघा, मग आवाजासकट. पात्राच्या डोळ्यांत पाणी आधीच दिसतंय आणि व्हायोलिनही तेवढंच रडतंय, तर तिथे संगीतकाराने थांबायला हवं होतं.