मराठी मजकूर साफ करणाऱ्या टूलचे डॉक्स: नव्या मांडणीची नोंद

सध्या कोड बाजूला ठेवलाय, सगळा वेळ डॉक्सना, म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानांना देतोय. आमचं छोटं पायथन टूल मराठी मजकुरातली युनिकोडची (अक्षरांना संकेतांक देणाऱ्या मानकाची) सरमिसळ काढतं, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या संकेतांकांनी आलं असेल तर ते एकसारखं करतं. त्याचा रीडमी, म्हणजे टूलसोबतचं माहितीचं पान, वाढत वाढत असा झाला होता की इन्स्टॉल, पर्याय आणि नियमांमागची कारणं सगळं एकाच पानावर.

'ॲ'चंच घ्या. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक स्वतंत्र संकेतांक यू+०९७२, जो २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आला, किंवा 'अ'पुढे चंद्राची खूण, म्हणजे ०९०५ आणि ०९४५. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं की एक सापडतो नि दुसरा निसटतो. एनएफसी (अशी रूपं एक करण्याची युनिकोडची ठरलेली पद्धत) करूनही ते एक होत नाहीत, कारण ०९७२ ला युनिकोडने विघटनच दिलेलं नाही, म्हणजे तो कुठल्या दोन संकेतांकांचा मिळून होतो हे नोंदवलेलंच नाही. 'दऱ्या'मधल्या 'ऱ'चं तसं नाही. तो 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा आला, तर एनएफसी त्याचा ०९३१ करतं. हे सगळं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते इन्स्टॉलच्या पायऱ्यांच्या मधोमध बसलं होतं.

अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी करणारे एक काका ते पान वाचत होते, मी शेजारी बसून पाहत होतो. ते म्हणाले, "अहो, मला संध्याकाळपर्यंत फाइल द्यायचीय. ॲ कुठून आला ते मी रविवारी वाचेन की!" मांडणीचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आला. कारण नको होतं असं नाही, त्या क्षणी नको होतं.

म्हणून डॅनिएले प्रोचिदा यांची डॉक्स मांडण्याची डायाटॅक्सिस पद्धत घेतली: नवख्यासाठी धडा, अडलेल्यासाठी कृती, तपासणाऱ्यासाठी संदर्भ, समजून घेणाऱ्यासाठी विवेचन. 'ॲ' आणि 'ऱ' विवेचनात गेले, तिथे त्यांना ऐसपैस जागा मिळाली. कृतीच्या पानावर फक्त आज्ञा, आधीचा मजकूर आणि नंतरचा मजकूर. धडा सगळ्यात अवघड जातोय. त्यात एकही पर्याय द्यायचा नाही, वाटेत फाटे फोडायचे नाहीत, हे पाळायला हात आवरावा लागतो.

हे करणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. फाइल हलवण्याचा कमिट (गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातली एक नोंद) वेगळा ठेवा, मजकूर बदलण्याचा वेगळा. गिट नावबदल साठवत नाही, साम्यावरून ओळखतं (आपण काही बदललं नाही तर किमान ५० टक्के साम्य लागतं), त्यामुळे दोन्ही एकदम केलं तर जुना इतिहास शोधणं कठीण होतं. दुसरं, स्फिंक्समध्ये (डॉक्सची पानं तयार करणारं साधन) दुवे फाइलच्या पत्त्याने न देता लेबल लावून 'रेफ'ने (:ref:) द्या. पान कुठेही हललं तरी दुवा टिकतो. बिल्डला, म्हणजे पानं तयार करण्याच्या आज्ञेला, 'डब्ल्यू' (-W) पर्यायही लावलाय, त्याने प्रत्येक इशारा चूक धरला जातो. एखादं पान कुठल्याच टॉकट्रीत (अनुक्रमणिकेत) नसेल, तर बिल्ड अपयशी ठरतो.

संदर्भाचा भाग अजून हाताने लिहिलेला आहे. तो आता ऑटोडॉककडे (कोडमधूनच संदर्भ तयार करणारा स्फिंक्सचा भाग) द्यायचाय, पण त्याआधी फंक्शनांचे डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली त्यांची माहिती, नीट करावे लागतील. रूपांतराच्या मॉड्यूलपासून सुरुवात करतोय. कोणाला एखादं मॉड्यूल घ्यायचं असेल तर सांगा.