आढीतली बिअर: आंजर्ल्यात तीन दिवस, पाच बाटल्या

बार्लीवाइन, म्हणजे वर्षानुवर्षं मुरवता येणारी कडक बिअर, चाखायला कोकणात कशाला जायचं, असं ताईने लंडनहून निघायच्या आधीच फोनवर विचारलं होतं. माणसं आंजर्ल्याला जातात ती कड्यावरच्या गणपतीला, समुद्राला, नाहीतर फेब्रुवारीनंतर कासवांची पिल्लं बघायला. माझ्याकडे उत्तर तयार होतं: काकांच्या माळ्यावर माझी एक बाटली पाच वर्षं पडून आहे.

ती बाटली फुलर्सच्या व्हिंटेज एलची, 2019 ची. लंडनच्या चिझिकमधली ही ब्रुअरी 1997 पासून दर वर्षी एक व्हिंटेज, म्हणजे त्या त्या सालाची खास बिअर, काढते. साडेआठ टक्के अल्कोहोल, बाटलीत जिवंत यीस्ट, लेबलवर साल. 2020 च्या जानेवारीत ताई आली तेव्हा तिने दोन आणल्या. एक आम्ही तेव्हाच प्यायलो. दुसरी 'मुरवायची' म्हणून मी आंजर्ल्याला नेली. कौलारू घर, अंधारा माळा, पेंढा, कोणी हात लावणार नाही. याहून चांगलं तळघर कुठलं, असं मला वाटलं. त्याच जूनमध्ये निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, आगरातल्या पोफळी आडव्या झाल्या, काही दिवस माळ्यावर थेट आभाळ दिसत होतं. बाटलीचा खोका भिजून लगदा झाला, बाटली मात्र शाबूत. काकूने ती पुसून पुन्हा पेंढ्यात खोचून ठेवली. त्याच पेंढ्यात दर मे महिन्यात हापूसची आढी लागते, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात आला नव्हता.

ताईने मात्र 2019 चीच आणखी एक बाटली तिच्या लंडनच्या घरात जिन्याखालच्या कपाटात ठेवली होती. म्हणजे एकच बिअर, एकच साल, दोन घरं. शिवाय ती एक नवी कोरी व्हिंटेज घेऊन आली. माझा एक कॉलेजमित्र कॅलिफोर्नियातून परतला आहे. त्याने सिएरा नेवाडा ब्रुअरीच्या बिगफूट या अमेरिकन बार्लीवाइनच्या दोन बाटल्या दिल्या, एक ताजी आणि एक 2019 ची, आणि स्वतःही गाडीत बसला.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मग आंबेतवरून मंडणगड आणि खाली आंजर्लं. वाटेत थांबत गेलो तर सहा तास लागतात. जाण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की बाटल्या उभ्या न्या. तळाशी यीस्टचा गाळ असतो, घाटात तो ढवळून निघतो. पोचल्यावर एक दिवस बाटल्यांना हात लावू नका. आम्ही पहिल्या संध्याकाळी निमूट हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघत बसलो, त्याचं कारण हेच.

काकू माळकरी नाही, पण घरात दारू आणि मासळी चालत नाही. त्यामुळे आमची बैठक आगरात, घरापासून लांब, विहिरीच्या पलीकडे. 'ते वाइन का बिअर ते एकदा नीट सांग,' ती म्हणाली. मी माल्ट, धान्य, उकळ असं काहीतरी सुरू केलं, पण तिला कळलं ते नारळामुळे. खोबरं वाटून पिळलं की पहिलं दूध दाट निघतं, त्याच चोथ्यात पाणी घालून पिळलं की दुसरं पातळ. माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या, जवाचंही तसंच. पहिला गोड दाट काढा वेगळा घेऊन आंबवला की बार्लीवाइन, मागाहूनच्या पातळ काढ्याची साधी बिअर. फुलर्समध्ये एकाच घाण्याचे दाट-पातळ काढे वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून गोल्डन प्राइड, ईएसबी आणि लंडन प्राइड अशा कमी-जास्त ताकदीच्या बिअर करत आले आहेत. द्राक्षाचा यात थेंबही नसतो. नावातली वाइन आली ती ताकदीमुळे. ही बिअर साधारण आठ ते बारा टक्क्यांची असते. आपल्याकडची स्ट्राँग आठपर्यंत जाऊन थांबते. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या घरी वारस जन्मला की असली दाट बिअर पिंपात भरून ठेवायचे आणि तो एकवीस वर्षांचा झाला की पिंप फोडायचे. हे ऐकून काकू म्हणाली, 'म्हणजे लोणच्यासारखं.' बरोबर. पण लोणचंही कुठे ठेवायचं ते तिला कळतं, मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थंड करण्याचा प्रश्न. ही बिअर बर्फगार प्यायची नसते. 12-13 अंशांच्या आसपास तिचा वास उघडतो. फ्रिजमधल्या चार अंशांत नुसता गोडवा आणि कडवटपणा कळतो, बाकी सगळं झोपलेलं. काकांनी सुचवलं, विहिरीत सोडा. कल्पना झकास वाटली. पोहऱ्यात बाटल्या ठेवून रहाटाने खाली सोडल्या, तासाभराने काढल्या. ताईकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर होता. पाणी 26 अंश! विहिरीचं पाणी त्या मुलखाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास राहतं. इंग्लंडात ती सरासरी दहा-अकरा असते म्हणून तिथे तळघरात बिअर मुरते. कोकणात सव्वीस-सत्तावीस असते म्हणून इथे विहीर आंघोळीला छान. शेवटी फ्रिजच चालवला. आधी दोन तास फ्रिजमध्ये, मग पंचवीस मिनिटं बाहेर सावलीत. जानेवारी होता म्हणून पंचवीस. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटांत काम होईल, आणि ग्लास संपेपर्यंत बिअर कोमट झालेली असेल. म्हणून जायचंच तर डिसेंबर-जानेवारीत जा. रात्री पांघरूण लागतं, त्या हवेत ही बिअर शोभते.

ग्लास बरोबर न्या. वर निमुळता होणारा, देठाचा, लहान. आम्ही एक घोट गंमत म्हणून स्टीलच्या फुलपात्रातून घेतला, वास सगळा आकाशात गेला.

आधी नवी व्हिंटेज उघडली. तांबूस रंग, बऱ्यापैकी फेस. नाकाला संत्र्याच्या सालीचा मुरंबा, जिभेवर टॉफी, मग हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या वेलीच्या फुलांचा, नीट कडवटपणा, आणि घशाशी अल्कोहोलची थोडी टोच. सगळं आहे, पण प्रत्येक चव आपापल्या खुर्चीवर बसलेली.

मग ताईच्या जिन्याखालची 2019. फेस कमी, रंग किंचित गडद. संत्र्याची साल मागे गेली होती आणि खजूर, मनुका, सुकं अंजीर पुढे आलं होतं. हॉप्सचा वास वर्षा-दोन वर्षांतच विरतो, कडवटपणा हळूहळू उतरतो, आणि बाटलीत उरलेला थोडासा ऑक्सिजन माल्टच्या गोडव्याला शेरी या स्पॅनिश वाइनच्या चवीकडे नेतो. टोच गेली होती. आम्ही तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही, आमच्या घरात हे क्वचित होतं.

आता माळ्यावरची. बूच काढलं तर 'फुस्स'सुद्धा धड झालं नाही. रंग जवळजवळ कोकमाच्या आगळासारखा, काळपट. पहिला वास ओल्या पुठ्ठ्याचा. त्यामागे सोया सॉस. तो यीस्ट मरून फुटलं की येतो. मग जुनी, काळी पडलेली चिंच. तळाशी कुठेतरी खजूर होता, पण तो शोधावा लागत होता. ताईने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. कॅलिफोर्नियावाल्याने मात्र आपला संपवला आणि म्हणाला, वाईट नाही, म्हातारी आहे. मला तेवढी दया आली नाही.

काका पीत नाहीत, पण वास घ्यायला हरकत नव्हती. त्यांनी तिन्ही ग्लास नाकाशी धरले. दुसऱ्याला म्हणाले, 'काकवी.' तिसऱ्याला म्हणाले, 'बुडाला लागलेली काकवी.' बाटली कुठे ठेवली होती हे कळल्यावर हसायला लागले. 'अरे, आंबा आढीत आठ दिवसांत पिकतो, ऊब मिळते म्हणून. पंधरा दिवस ठेवलास तर काय होतं? आणि तू पाच वर्षं ठेवलीस!'

त्यांनी जे सांगितलं तेच रसायनशास्त्र सांगतं. अशा क्रिया दर दहा अंशांना साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने होतात. ताईचं कपाट तेरा अंशांचं धरलं आणि माळा अठ्ठावीसचा (दुपारी कौलाखाली त्याहून खूप जास्त), तर माझ्या बाटलीची पाच वर्षं म्हणजे तिच्या बाटलीची चौदा ते सव्वीस. वर वादळानंतरचा उजेड. तपकिरी काचेने त्यातून वाचवलं असावं, कारण हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीला ऊन लागलं की जो कुबट दुर्गंध येतो तो नव्हता. लेबलवरचं साल वाचून कोणी जुनी बार्लीवाइन दिली तर एवढंच विचारा: कुठे ठेवली होती?

बिगफूट आम्ही तिसऱ्या दिवसासाठी राखली होती, आणि हा क्रम जाणूनबुजून. ती 9.6 टक्क्यांची आणि कडवटपणा 90 आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक). कॅस्केड, सेंटेनिअल, चिनूक अशा अमेरिकन हॉप्सचा भर. आधी ती प्यायलो असतो तर फुलर्स कळलीच नसती. अमेरिकेत बार्लीवाइन आली ती 1975 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीच्या ओल्ड फॉगहॉर्नने. बिगफूट 1983 पासून आहे. लेबलवर 'बार्लीवाइन स्टाइल एल' असं लिहितात, वाइन समजून कोणी फसू नये म्हणून. ताजी बिगफूट म्हणजे चीडाचा डिंक आणि मोसंब्याची साल, दाट गोडीवर कडवटपणाचा रट्टा. मित्राच्या फ्रिजमध्ये सहा वर्षं राहिलेली 2019 ची मवाळ झाली होती: कडू होती, पण जळलेल्या साखरेसारखी कडू. खरं सांगायचं तर मला ताजीच आवडली. जुनं ते सोनं हे बार्लीवाइनच्या बाबतीत निम्म्या वेळा खरं असतं, आणि हॉप्सवर उभ्या असलेल्या बाटल्यांच्या बाबतीत त्याहून कमी.

खाण्याचं. इंग्लंडात हिच्याबरोबर निळ्या बुरशीचं स्टिल्टन चीज खातात. ताईने ते आणलंही होतं, पण चढाओढ जिंकली फणसपोळीने. मागच्या उन्हाळ्यातली, दाताला चिकटणारी फणसपोळी आणि जिन्याखालची 2019, यांची जोडी लावून दिल्यासारखी होती. टरफलासकट भाजलेले काजू नव्या व्हिंटेजबरोबर उत्तम. बिगफूटला नारळाची वडी; एवढा कडवटपणा पेलायला साखर लागते. तिखट कालवण अजिबात नको. तिखट, कडू आणि दहा टक्के अल्कोहोल एकत्र आले की तोंडात वणवा पेटतो. हर्णैच्या खानावळीतून बांधून आणलेल्या सुरमईवर आम्ही तो अनुभव घेतला. सोलकढी नंतर प्या, बरोबर नको, आंबटापुढे बिअर पाणी लागते.

मोजून प्या. बिगफूटची 355 मिलीची बाटली लहान दिसते, पण तिच्यात सुमारे 34 मिली शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे 650 मिलीच्या पाच टक्के माइल्ड बिअरपेक्षा थोडं जास्तच. फुलर्सची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे व्हिस्कीचे तीन लहान पेग आणि वर थोडी. आम्ही दर बाटली तिघांत वाटली आणि मध्ये भरपूर पाणी प्यायलो. पिऊन समुद्रात जाऊ नका, गाडी तर नाहीच. पुळणीवर बाटल्या नेऊ नका. काच तिथेच राहते, आणि हा कासवं अंडी घालायला वर येण्याचा मोसम असतो, रात्री विजेरी मारत फिरणंसुद्धा तिथे बरं नाही.

बाटल्या मिळवायच्या कशा? दुकानात शोधू नका, परदेशातून येणारं माणूस शोधा. विमानाने येताना माणशी दोन लिटर दारू आणता येते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. त्या चेक-इन सामानात, लोकरी कपड्यांत गुंडाळून. खरेदीची पावती टाकू नका. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा, आजीवन असे मिळतात, खिशात असू द्या. गोव्यातून काही उचलून सिंधुदुर्गमार्गे यायचा बेत असेल तर परवान्याशिवाय तो सोडून द्या, तो गुन्हा आहे. आणि बाटली मुरवायचीच असेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, उभी. किनाऱ्यावर कुठेही नको. दापोली वर आहे, हवा बरी आहे, पण तिथेही नको.

निघताना काकूने रिकाम्या बाटल्या मागितल्या. माळ्यावरच्या बाटलीला तिने गरम पाण्याने तीनदा विसळलं, वाळवलं आणि तिच्यात आगळ भरून बूच मारून माझ्या हातात दिली. घरून आगळ नेणार असाल तर तीही उभीच ठेवा. आमची ताम्हिणीत आडवी झाली आणि ताईच्या बॅगेला अजून आंबट वास येतो.